कॅक्टसची रात्रपाळी

कॅक्टस मेल्याचं लवकर कळत नाही. मॅमिलारिया नावाचा माझा पहिला कॅक्टस अख्खा आषाढ खिडकीत हिरवागार दिसत होता. श्रावणात त्याच्यावरची धूळ झटकायला बोट लावलं, तर गोळा अलगद कलंडला. खाली मुळं नव्हतीच. नुसता तपकिरी चिखल होता आणि कुजक्या बटाट्यासारखा वास. दर दोन दिवसांनी मी त्याला न चुकता पाणी घालत होतो. झाड म्हटलं की पाणी, एवढंच तेव्हा कळत होतं.

तो होता मॅमिलारिया हॅनियाना. पांढऱ्या केसांमुळे इंग्रजीत त्याला ‘ओल्ड लेडी कॅक्टस’ म्हणतात. नर्सरीत मात्र सगळे नुसते ‘कॅक्टस’. हा मूळचा मध्य मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो, केरेतारो या भागांतला. मेक्सिकोच्या कोरड्या पठारांवर मॅमिलारियाच्या कितीतरी जाती खडकांच्या फटीत, काटेरी झुडपांच्या आडोशाला वाढतात. दिवसा तापणाऱ्या या उंच पठारांवर रात्री झपाट्याने गारवा येतो. आणि कॅक्टसला समजून घ्यायचं तर सुरुवात या रात्रीपासूनच करावी लागते.

प्रत्येक हिरव्या झाडापुढे एक पेच असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायला रंध्रं, म्हणजे पानांवरची किंवा सालीवरची बारीक छिद्रं, उघडावी लागतात आणि ती उघडली की आतलं पाणी वाफ होऊन निसटतं. आंबा, मोगरा, तुळस हा तोटा दिवसाढवळ्या सोसतात. वाळवंटात तो परवडत नाही. म्हणून कॅक्टस दिवसभर रंध्रं मिटून बसतो आणि अंधार पडून हवा गार झाली की उघडतो. पण रात्री ऊन नाही, मग साखर बनवायची कशी? तो कार्बनची साठवण करतो. रात्रभर घेतलेल्या वायूचं मॅलिक आम्ल बनवून पेशींतल्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे साठवणीच्या पिशव्यांमध्ये, भरून ठेवतो. हिरव्या सफरचंदाला आंबटपणा देणारं ते हेच आम्ल. सकाळी दारं बंद झाली की ते आम्ल फोडायचं, कार्बन डायऑक्साइड मोकळा करायचा आणि उन्हाच्या जोरावर आतल्या आत साखर करायची. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना साधं झाड ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतं. या युक्तीने तेच काम ५० ते १०० ग्रॅममध्ये होतं.

या आंबटपणाची एक जुनी नोंद भारतातल्या झाडावरची आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत इथे काम केलेल्या बेंजामिन हेन या वनस्पतितज्ज्ञाने १८१३ साली पत्रातून कळवलं, की पानफुटीची पानं सकाळी चुक्याइतकी आंबट लागतात, दुपारपर्यंत बेचव होतात आणि संध्याकाळी जराशी कडवट. पानफुटी कॅक्टस नव्हे, पण रात्रपाळी तीही करते. हेनची चाचणी घरी करून पाहा असं मात्र मी म्हणणार नाही. त्या पानांत विषारी द्रव्यंही असतात.

यावरून एक गैरसमज मात्र फोफावला आहे : कॅक्टस रात्री ऑक्सिजन सोडतो, म्हणून तो उशाशी ठेवावा. रात्री तो कार्बन डायऑक्साइड घेतो हे खरं, पण ऑक्सिजन उजेडातच तयार होतो. आणि मुठीएवढ्या गोळ्याने खोलीच्या हवेत काही फरक पडत नाही. कॉम्प्युटरचं रेडिएशन शोषून घेतो, ही तर निव्वळ थाप. टेबलावर ठेवायचा तर शोभेसाठी ठेवावा, आणि तोही खिडकीजवळ असेल तरच. ट्यूबलाइटच्या उजेडात कॅक्टस शेंड्याकडून निमुळता, फिकट, लांबट होत जातो. तो लांबलेला भाग नंतर उन्हात ठेवूनही पुन्हा गोल होत नाही.

आता पाणी. मेक्सिकोतल्या चिवावा वाळवंटातही पाऊस बहुतांशी उन्हाळ्यातच, जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो. म्हणजे पावसाचं वेळापत्रक आपल्याशी जुळतं. फरक मापाचा आहे. तिथे वर्षभरात जेमतेम २०० ते ३०० मिलिमीटर, तर मुंबईत एकट्या जुलैत सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय तिथल्या मुरमाड उतारावर सर कोसळते, निथळून जाते आणि काही दिवसांत जमीन कोरडी होते. आपल्याकडे आठवडाच्या आठवडा कपडे वाळत नाहीत, तिथे कुंडी कुठून वाळणार? मुळांनाही हवा लागते. ओल्या, दाबलेल्या मातीत ती गुदमरतात आणि बुरशीला आयती वाट मिळते. म्हणून पावसाळ्यात कुंडी छपराखाली ठेवायची, वारा खेळू द्यायचा आणि पाणी जवळजवळ बंद. एरवी द्यायचं तेव्हा तळाच्या भोकातून वाहेपर्यंत द्यायचं आणि माती तळापर्यंत कोरडी होईस्तोवर पुन्हा हात लावायचा नाही. रोज चमचाभर पाणी घालणाऱ्यांना ही काटकसर वाटते, पण त्याने वरची माती कायम ओली आणि खालची मुळं कायम तहानलेली राहतात.

कुंडी मातीची आणि लहानच घ्यावी. तिच्या भिंतींतूनही ओल उडते. भरण्यात निम्म्याहून जास्त भाग जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे असावेत, उरलेलं पालापाचोळ्याचं कुजलेलं खत. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. नर्सरीतून आणलेलं रोप बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. ते भिजलं की लवकर वाळत नाही. माती बदलताना वर्तमानपत्राची जाड घडी पट्ट्यासारखी गोळ्याभोवती धरावी, बोटं वाचतात. त्यानंतर आठवडाभर पाणी नाही, म्हणजे तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकतात. काट्यांच्या खोबणीत कापसासारखं काही दिसलं, तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड, आहे का ते बघावं. मात्र हॅनियानावर पांढरे केस मुळातच असल्याने हा चोर बेमालूम लपतो. इअरबडला स्पिरिट लावून एकेक टिपावा लागतो.

रात्रीचं महत्त्व सगळ्यात जास्त कळतं हिवाळ्यात. घामट, गरम रात्री रंध्रं फारशी उघडत नाहीत, आम्लाचा साठा तुटपुंजा राहतो. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये कॅक्टस पुष्कळदा नुसता थांबून राहतो आणि ‘ऊन आहे म्हणून वाढेल’ ही अपेक्षा फोल ठरते. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरच्या रात्री पारा १० ते १२ अंशांवर येतो, तेव्हा त्याला पठाराची आठवण होत असावी. या दोन महिन्यांत गच्चीवर भरपूर उजेड, गारवा आणि कोरडी माती, एवढंच द्यायचं. गोळा थोडा आक्रसतो, ते चालतं. घाबरून पाणी घालणाऱ्यांची रोपं जगतात, पण फुलत नाहीत. मुंबईकरांना हा गारवा कमी लाभतो, त्यांनी निदान रात्रभर कुंडी घराबाहेर ठेवावी.

माझा दुसरा हॅनियाना असाच उपाशी ठेवला होता. फेब्रुवारीत त्याच्या डोक्याभोवती पांढऱ्या केसांतून गुलाबी-जांभळ्या फुलांचं कडं उमटलं, वेणी माळल्यासारखं. मॅमिलारियाला फूल काट्यांच्या झुबक्यातून येत नाही, दोन उंचवट्यांमधल्या बेचक्यातून येतं, म्हणून ते असं कड्यात बसतं. फुलं गेल्यावर पुष्कळ महिने काहीच दिसलं नाही. मग एके दिवशी केसांतून लालचुटूक, मिरचीएवढी फळं वर आली. मेक्सिकोत मॅमिलारियाच्या फळांना ‘चिलितोस’, म्हणजे छोट्या मिरच्या म्हणतात, आणि मुलं ती खातात. मी एक फोडलं, आतले बारीक दाणे चाळलेल्या वाळूवर पेरले आणि त्या ताटलीवर काच झाकून ठेवली.