स्टॉपर म्हणजे क्लॅम्प नव्हे

मायटर सॉवर, म्हणजे हव्या त्या कोनात कापणाऱ्या विजेच्या करवतीवर, फोटोफ्रेमची पट्टी कापणाऱ्याला विचारावं, "क्लॅम्प लावलास का रे?" तर उत्तर येतं, "स्टॉपर लावलाय की!" आणि हात पुन्हा स्विचकडे जातो. हे उत्तर मी नवशिक्यांकडून ऐकलंय, वीस वर्षं करवत चालवलेल्या सुतारांकडून ऐकलंय आणि एकेकाळी मीही दिलंय. म्हणून आज नीट लिहायला बसलो.

क्लॅम्पबद्दल फार सांगायला नको. सी क्लॅम्प असो, मशीनसोबत आलेला उभा स्क्रूचा असो किंवा टॉगल, तो पट्टीला टेबलावर दाबून धरतो आणि मग ती कुठेच हलत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोटाळा होतो तो स्टॉपरपाशी.

स्टॉपर म्हणजे फेन्सला, म्हणजे टेबलामागच्या उभ्या आधाराला, पक्का केलेला लाकडाचा ठोकळा. पट्टीचं टोक त्याला टेकवायचं आणि कापायचं. प्रत्येक तुकडा तेवढाच निघतो. फ्रेमच्या कामात त्याच्याशिवाय चालतच नाही, कारण समोरासमोरच्या दोन बाजू अर्ध्या मिलिमीटरनेही लहानमोठ्या झाल्या तर एखादा कोपरा उघडा पडतो आणि मग कितीही पुट्टी भरा, तो दिसतो. पण स्टॉपर पट्टीला एकाच दिशेला अडवतो. ती उचलली गेली, पुढे सरकली, तिरकी झाली, तर त्याचा काही उपयोग नाही. उलट अशा वेळी तोच घात करतो.

कसा, ते सावकाश पाहू. डावीकडे स्टॉपर आहे. उजवीकडे नऊ-दहा फुटी लांब पट्टी आहे आणि ती आपण हाताने दाबून धरली आहे. पातं खाली येतं. शेवटचा धागा कापला जाईपर्यंत डावीकडचा तुकडा लांब पट्टीचाच भाग असतो, म्हणजे आपल्याच हाताने धरलेला असतो. तो धागा तुटला की त्याच क्षणी तो तुकडा सुटा होतो. त्याला आता कुणी धरलेलं नाही. एका अंगाला स्टॉपर, दुसऱ्या अंगाला फिरतं पातं, मागे फेन्स. जेमतेम त्याच्या मापाचीच जागा. तुकडा जरासा तिरका झाला की त्याला आडवी जागा जास्त लागते, आणि ती तर नसते. मग तो स्टॉपर आणि पातं यांच्यात पाचरीसारखा अडकतो. पात्याचे दात टेबलापाशी आपल्याकडून फेन्सकडे जातात आणि फेन्सपाशी वर उठतात. तिथे सापडलेला तुकडा ते उचलतात आणि फेकतात. १० इंची पातं मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ६६ मीटर होतो, ताशी जवळजवळ २४० किलोमीटर. बोटाएवढ्या पट्टीच्या तुकड्याला त्यातला थोडा वेग मिळाला तरी पुरे.

माझ्याकडे हे एकदा घडलंय. ४ × ६ च्या फोटोंसाठी छोट्या फ्रेमा करत होतो, सगळं वर लिहिलंय तसंच मांडलेलं. पाच-सहा तुकडे सुरळीत निघाले, त्यामुळे हातही सैलावला होता. पुढच्या तुकड्याला पातं वर उचलायला लागलो आणि "ठाक" असा कोरडा आवाज झाला. तुकडा टेबलावर नव्हताच. मागच्या भिंतीशी सापडला, टोक चेचलेलं, सोनेरी मुलामा खरवडून पांढरं लाकूड उघडं पडलेलं. भिंतीच्या गिलाव्याला पेराएवढा खड्डा होता. तो भिंतीकडे गेला हे माझं नशीब. चष्मा मी लावला होता, पण तो तुकडा तोंडावर आला असता तर चष्म्याने काय काय वाचलं असतं, हा विचार त्या रात्री बराच वेळ मनातून गेला नाही.

तेव्हापासून माझी मांडणी ठरलेली आहे: स्टॉपर ज्या बाजूला, क्लॅम्पही त्याच बाजूला आणि पात्याची दुसरी बाजू मोकळी. हवा असलेला तुकडा स्टॉपरला टेकवायचा, तोच क्लॅम्पने दाबायचा आणि पात्याच्या पलीकडे फक्त टाकाऊ कपटा राहू द्यायचा. त्याला जायला जागा हवी.

हे लांब पट्टीवर जमत नाही, म्हणून आधी चारही बाजू हव्या त्या मापापेक्षा पाच-सात मिलिमीटर जास्त ठेवून कापून घ्यायच्या. प्रत्येकाच्या एका टोकाला पंचेचाळीस अंशांचा काप द्यायचा. मग मशीन दुसऱ्या बाजूला वळवायचं, कापलेलं टोक स्टॉपरला लावायचं, क्लॅम्प आवळायचा आणि दुसरं टोक कापायचं. निघतो तो एक छोटा त्रिकोणी कपटा. यात वेळ जास्त जातो, हे खरं आहे. मला तो जाऊ द्यायचा आहे.

ज्याला ही दोन पायऱ्यांची खटपट नकोच असेल त्याने निदान उचलता येणारा, बिजागरीचा स्टॉपर वापरावा. पट्टी टेकवायची, क्लॅम्प आवळायचा, मग स्टॉपर वर उचलायचा आणि नंतरच कापायचं. कापताना तुकड्याच्या डावीकडे काहीच नसलं तर तो अडकणार कशात?

पातं थांबायच्या आत वर उचलू नये, हेही याच कारणासाठी. काप पूर्ण झाला की बटण सोडा, मशीनचं डोकं खालीच ठेवा, आवाज विरेपर्यंत थांबा. माझा तुकडा कापताना उडाला नव्हता, पातं वर घेताना उडाला होता.

स्टॉपरची एक बारीक खोडी आहे. पंचेचाळीसच्या टोकाचा सुईसारखा भाग फेन्सपाशी असतो आणि सपाट ठोकळ्याला तोच टेकतो. जोराने ढकललं की तो दबतो, आणि प्रत्येक वेळी वेगळा दबतो. म्हणून स्टॉपरलाही पंचेचाळीसचाच काप द्यावा. तसा स्टॉपर टोकाला फेन्सकडेही रेटतो, ते वेगळं बरं. त्याचा खालचा कोपरा थोडा तासून ठेवा, म्हणजे भुसा तिथे साठून माप खाणार नाही. आणि माप बाहेरच्या कडेचं घ्यायचं, कारण स्टॉपरला टेकते ती बाहेरची कड. चित्र ३०० मिमी, सैलीसाठी ३ मिमी, पट्टी ३० मिमी रुंद आणि काचेची खाच ६ मिमी असेल तर ३०३ मध्ये दोन्ही बाजूंचे ३०-३० मिळवून खाचांचे ६-६ वजा करायचे, स्टॉपर ३५१ वर येतो. ३०३ वर लावून पट्टी वाया घालवलेले लोक मला माहीत आहेत.

आता क्लॅम्पकडे. तो कुठल्या जातीचा घ्यावा यावर लोक तास तास बोलतात. कुठलाही घ्या, फक्त स्प्रिंगचा चिमटा मशीनवर नको, तो थरथरीने सरकतो. आणि अंगठा म्हणजे क्लॅम्प नव्हे. हात पात्यापासून निदान सहा इंच लांब हवा, आणि छोट्या फ्रेमची बाजूच मुळात चार-पाच इंचांची असते. मग हात ठेवणार कुठे?

एक गोष्ट मात्र फ्रेमपट्टीचीच आहे. फळी सगळीकडून सपाट असते. फ्रेमपट्टीच्या आतल्या कडेला, खालच्या बाजूने काच बसायची खाच असते. पट्टी टेबलावर नक्षी वर करून, बाहेरची कड फेन्सला लावून ठेवली की ती खाच आपल्या बाजूला येते आणि तिच्यावरचा पातळ ओठ पोकळीवर अधांतरी राहतो. क्लॅम्पचा दाब त्या ओठावर पडला की पट्टी पुढे झुकते आणि मागची कड फेन्सपाशी उचलली जाते. डोळ्याला हे दिसत नाही. चार बाजू जोडताना कोपरा मागून बंद आणि समोरून फटलेला निघाला की समजतं. मग लोक मशीनच्या कोनाला दोष देतात आणि गुण्या घेऊन बसतात.

उपाय स्वस्त आहे. खाचेच्या उंचीइतक्या जाडीची लाकडी पट्टी तासून खाचेखाली सरकवा. मी ती टेबलावरच्या प्लायला दुतर्फी टेपने चिकटवतो. ती फ्रेमसोबत कापली जाते, कापली जाऊ दे. क्लॅम्पचा पाय मात्र शक्यतो पट्टीच्या भरीव भागावर, फेन्सच्या जवळ टेकवा. मुलाम्याच्या पट्टीवर पायाखाली जुन्या रबरी चपलेचा तुकडा ठेवतो, वळ उठत नाही.

दोन्ही बसवून झाले की प्लग काढून पातं एकदा हाताने सावकाश पूर्ण खाली आणून बघा. क्लॅम्पचा दांडा मोटरला किंवा गार्डला लागत असेल तर तो याच वेळी लागू दे. पंचेचाळीसला वळवल्यावर डोकं सरळ कापापेक्षा वेगळ्या जागेवरून खाली येतं, म्हणून हे डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळं करून पाहावं लागतं. पहिले दोन तुकडे निघाले की ते पाठीला पाठ लावून टोकांवरून नख फिरवा. नख अडखळलं तर स्टॉपर सैल आहे, नाहीतर त्याच्यापाशी भुसा अडकलाय.