चार बटणं की सहा? पॅनलची ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

“स्ट्रीट फायटर आणि केओएफवाले एकत्र आहेत ना, त्या गेमचं पॅनल करून द्या.” फायटिंग व्हिडिओ गेमच्या बटणांची पॅनलं बनवतो आम्ही, पण अशी ऑर्डर आली की ड्रिलला हातच लावत नाही. स्ट्रीट फायटर कॅपकॉम कंपनीचा, केओएफ म्हणजे ‘द किंग ऑफ फायटर्स’ एसएनके कंपनीचा, आणि दोन्हीकडची पात्रं एकत्र आणणारा एकच गेम नाही. मुख्य चार आहेत. एकाला दोन बटणं लागतात, दोघांना चार आणि एकाला सहा. गिऱ्हाईक घाईत “चार टाका” म्हणतं, आम्ही भोकं पाडून वर ॲक्रिलिक बसवतो, आणि मग फोन येतो, “अहो, यात मीडियम पंच कुठाय?” ॲक्रिलिकमधलं ३० मिमीचं भोक सरकवता येत नाही. अख्खं पॅनल नव्याने कापावं लागतं. वेळ तुमचा जातो, शीट आमची.

हा गोंधळ दोन कंपन्यांच्या जुन्या चुरशीतून आलाय. कॅपकॉम आणि एसएनके, दोन्ही ओसाकाकडच्या. कॅपकॉमसाठी १९८७ मध्ये पहिला स्ट्रीट फायटर करणारे ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो पुढे एसएनकेत गेले आणि तिथे त्यांनी १९९१ मध्ये फेटल फ्युरी आणला. त्याच वर्षी कॅपकॉमचा स्ट्रीट फायटर २ आला: हलका, मीडियम, जड असे तीन पंच, तशाच तीन किक, सहा बटणं. एसएनकेचं निओ जिओ मशीन १९९० चं. एकाच मशीनमध्ये वेगवेगळ्या गेमच्या कार्ट्रिज लावायच्या, म्हणून सगळ्यांना मिळून चारच बटणं, ए-बी-सी-डी, एका ओळीत. फायटिंग गेम त्या चारांत बसवायचे. केओएफ खेळलेल्यांना हे सांगायला नको: हलका पंच, हलकी किक, जड पंच, जड किक.

मधल्या काळात चिडवाचिडवीही झाली. एसएनकेच्या आर्ट ऑफ फायटिंगमधले र्‍यो आणि रॉबर्ट हे स्ट्रीट फायटरच्या र्‍यू आणि केनसारखे दिसतात, यावर टोमणा म्हणून कॅपकॉमने १९९५ मध्ये स्ट्रीट फायटर अल्फात डॅन हे पात्र आणलं. गुलाबी कपडे आणि हातभरही न जाणारा फायरबॉल! (आमच्याकडे डॅनच घेऊन जिंकणारं एक गिऱ्हाईक आहे, त्यांच्यापुढे आम्ही गप्प बसतो.)

मग दिलजमाई झाली. ठरलं ते असं, की दोघांनी एकमेकांची पात्रं घेऊन आपापले गेम काढायचे. म्हणूनच नावातला क्रम बघा. एसएनके व्हर्सेस कॅपकॉम म्हणजे एसएनकेने केलेला, कॅपकॉम व्हर्सेस एसएनके म्हणजे कॅपकॉमने. १९९९ चा ‘मॅच ऑफ द मिलेनियम’ एसएनकेच्या हातात धरायच्या निओ जिओ पॉकेट कलरवर होता. त्यात दोनच बटणं, बटण किती वेळ दाबलं त्यावर हलका की जड हे ठरतं. २००० चा ‘कॅपकॉम व्हर्सेस एसएनके’ कॅपकॉमचा असूनही चार बटणांचा. इथेच बहुतेक जण फसतात, कारण लगेच २००१ मध्ये आलेला दुसरा भाग सहा बटणांचा आहे, आणि लोक खेळतात तो दुसराच. ऑक्टोबर २००१ मध्ये एसएनकेचं दिवाळं निघालं. तिचा वारसा पुढे चालवणाऱ्या प्लेमोरने २००३ मध्ये निओ जिओवर ‘एसव्हीसी (म्हणजे एसएनके व्हर्सेस कॅपकॉम) केऑस’ काढला, तो अर्थात चार बटणांचा.

बटणांमधलं अंतर आम्ही पुन्हापुन्हा का विचारतो, तेही सांगतो. कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २ मध्ये हलका पंच आणि हलकी किक एकदम दाबली की काही ग्रूव्हमध्ये, म्हणजे गेममध्ये निवडायच्या खेळपद्धतींमध्ये, पात्र लोळून पुढे सरकतं. त्या लोळण्याच्या पहिल्या तीन फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात, स्पेशल मूव्ह घातली तर सुरुवातीला तिला मार लागत नाही. हा खरं तर गेममधला बग, पण स्पर्धांमध्ये सर्रास वापरला गेला. ही दोन बटणं सहाच्या मांडणीत एकाखाली एक येतात, म्हणजे अंगठा आणि तर्जनी. केओएफमध्ये लोळायला ए आणि बी दाबायचे, आणि निओ जिओच्या ओळीत ते शेजारी शेजारी, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट. हात वेगळा पडतो. “दहा मिमी इकडेतिकडे काय फरक पडतो” असं म्हणणारे बहुधा फायटिंग गेम खेळत नाहीत.

सहाच्या पॅनलवर चारचा गेम चालतो, उलटं चालत नाही. पण केओएफची ओळ तीनच्या रांगेत मावत नाही, चौथं बोट खाली न्यावं लागतं. दोन्ही खेळणाऱ्यांना आम्ही आठ भोकांचं पॅनल सुचवतो: वरची रांग ए-बी-सी-डी, आणि डावीकडची सहा कॅपकॉमसाठी. दोन बटणांचे पैसे जास्त पडतात, पण पॅनल दोनदा करण्यापेक्षा स्वस्तच. २०१२ चा ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’ही त्यावर नीट चालतो. मूळ टेकनला चार बटणं, प्रत्येक हातापायाला एक, पण हा गेम कॅपकॉमचा, म्हणून सहा. टेकनवाल्या नामकोकडून यायचा होता तो ‘टेकन एक्स स्ट्रीट फायटर’ आलाच नाही. स्ट्रीट फायटर ६ मध्ये एसएनकेची टेरी आणि माई ही पात्रं आल्यापासून एसएनकेचे जुने खेळाडूही सहा बटणं मागू लागलेत.

बंद पडलेल्या गेम पार्लरमधून मशीनमधला गेमचा बोर्ड घेतला असेल तर एक गोष्ट. बोर्ड मशीनला जोडणाऱ्या जामा कनेक्टरला ५६ पिना असतात, पण कॅपकॉमच्या जुन्या बोर्डावर त्यातून पंचांचीच तीन बटणं येतात. किकची तार वेगळ्या सॉकेटमधून घ्यावी लागते. “पंच चालतात, किक मेल्या” म्हणून आलेले बोर्ड बहुतेक धडधाकट असतात. ती तार आम्ही बनवून देतो.

आणि हो, गेम आम्ही मशीनमध्ये भरून देत नाही, कितीही ओळखीचे असाल तरी. त्याची आता गरजही नाही. कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २ हा २०२५ च्या ‘कॅपकॉम फायटिंग कलेक्शन २’ मध्ये मिळतो, आणि एसव्हीसी केऑस २०२४ मध्ये ऑनलाइन खेळायच्या सोयीसह पुन्हा आलाय.

ऑर्डर देताना गेमचं पूर्ण नाव, कितवा भाग, आणि कशावर खेळणार (पीसी, कन्सोल की जुना बोर्ड) हे लिहून पाठवा. हाताचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलने आखून पाठवलात तर उत्तम. बटणांचा रंग मागाहून कळवला तरी चालेल.