अंत्यकाळ व मृतांचे पुनरुत्थान (बायबलमधील)

यहुदी व ख्रिस्ती धर्मग्रंथांत चालू युगाचा शेवट, देवाचा न्याय आणि मेलेल्यांचे देहासह उठणे यांविषयी आलेली भाकिते व त्यांवर आधारलेली आशा. पुनरुत्थान आणि पुनर्जन्म या कल्पना परस्परांहून भिन्न आहेत. पुनर्जन्मात एकच जीव अनेक देह धारण करतो. पुनरुत्थानात तीच व्यक्ती एकदाच आणि कायमची उठवली जाते, आणि तीही आत्म्याच्या अंगभूत अमरत्वामुळे नव्हे, तर देवाच्या कृतीने. अंत्यकाळाच्या भाकितांकडे पुष्कळदा भविष्यातील घटनांचे वेळापत्रक म्हणून पाहिले जाते. मूळ ग्रंथांत मात्र त्यांचा रोख नीतिमान माणूस अन्यायाने मारला गेल्यावर देवाचा न्याय कोठे उरतो, या प्रश्नाकडे आहे.

प्राचीन इब्री साहित्यात ही आशा जवळजवळ नाही. मृत मनुष्य चांगला असो की वाईट, तो अधोलोकात जातो, तेथे छायेसारखा राहतो आणि देवाची स्तुती करू शकत नाही, अशी भूमिका स्तोत्रसंहितेत (88 व 115) आणि उपदेशकाच्या नवव्या अध्यायात दिसते. ईयोबाच्या एकोणिसाव्या अध्यायातील ‘माझा उद्धारक जिवंत आहे’ या आशयाचा उतारा पुनरुत्थानाचा पुरावा म्हणून वारंवार पुढे केला जातो, पण तेथील इब्री पाठ इतका बिघडलेला आहे की त्यावर सिद्धांत उभारणे धोक्याचे ठरते. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायातील वाळलेल्या हाडांच्या खोऱ्याचा दृष्टान्त हा इ. स. पू. 587 मधील यरुशलेमेच्या पाडावानंतरच्या बंदिवासातील आहे, आणि ती हाडे म्हणजे इस्राएलाचे घराणे होय असा अर्थ ग्रंथातच दिला आहे. म्हणजे तेथे व्यक्तीचे नव्हे, तर राष्ट्राचे पुनरुज्जीवन अभिप्रेत आहे. नंतरच्या यहुद्यांनी त्यात प्रत्यक्ष पुनरुत्थान पाहिले. सिरियातील दुरा-युरोपस येथील सभास्थानाच्या भिंतीवर इ. स. तिसऱ्या शतकाच्या मध्यास हा प्रसंग रंगवलेला आढळतो. यशयाच्या चोविसाव्या ते सत्ताविसाव्या अध्यायांचा गट बहुतेक अभ्यासक बंदिवासानंतरचा मानतात. त्यातील ‘तुझे मृत जिवंत होतील’ (26:19) हे वचन राष्ट्राविषयी की व्यक्तींविषयी, याचा निर्णय झालेला नाही.

निःसंदिग्ध उल्लेख दानीएलाच्या बाराव्या अध्यायात येतो : भूमीच्या मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण उठतील, काही सार्वकालिक जीवनासाठी व काही अप्रतिष्ठेसाठी. इब्री बायबलमधील व्यक्तिगत पुनरुत्थानाचे हे एकमेव स्पष्ट विधान असल्याने या ग्रंथाच्या काळाचा वाद कल्पनेच्या उगमाचाच वाद होऊन बसतो. परंपरेप्रमाणे दानीएल इ. स. पू. सहाव्या शतकात बाबेलच्या दरबारी होता व ग्रंथ त्याचाच आहे. या मताला पहिला मोठा धक्का इ. स. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या ख्रिस्तविरोधी तत्त्वज्ञाने दिला. सिरियाचा ग्रीक राजा अंतियोकस चौथा एपिफनेस याच्या काळापर्यंतचा इतिहास ग्रंथात बिनचूक येतो व तेथून पुढे चुकतो, म्हणून तो त्याच काळात लिहिला गेला असला पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. पॉर्फिरीचा ग्रंथ नष्ट झाला. आज तो मुख्यतः त्याचे खंडन करणाऱ्या जेरोम या ख्रिस्ती पंडिताच्या भाष्यातूनच कळतो, हा ग्रंथेतिहासातील एक विनोदच म्हणावा लागेल.

आधुनिक संशोधनाने पॉर्फिरीच्या बाजूने बरेच पुरावे जमा केले. अकराव्या अध्यायात टॉलेमी व सेल्युकस घराण्यांच्या लढाया, विवाह व कारस्थाने क्रमवार येतात, इ. स. पू. 167 मध्ये यरुशलेमेच्या मंदिरात झालेला विटाळही येतो. त्याच अध्यायाच्या अखेरच्या वचनांत मात्र राजाचा अंत समुद्र व पवित्र पर्वत यांच्या मध्ये होईल असे म्हटले आहे, तर अंतियोकस प्रत्यक्षात इ. स. पू. 164 च्या सुमारास पूर्वेकडे, इराणच्या मोहिमेत मेला. त्याच सुमारास यहुदी बंडाचा नेता यहूदा मक्काबी याने मंदिर पुन्हा शुद्ध केले. त्याचाही ग्रंथात उल्लेख नाही. यावरून भाकितांचा भाग इ. स. पू. 167 ते 164 यांच्या दरम्यानचा ठरतो. पहिल्या सहा अध्यायांतील दरबारी कथा त्याहून जुन्या असाव्यात. ग्रंथाचा दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून सातव्याच्या अखेरपर्यंतचा भाग अरामी भाषेत व उरलेला इब्रीत आहे. या भाषाभेदाचे सर्वमान्य स्पष्टीकरण अद्याप मिळालेले नाही. परंपरावाद्यांचे मुद्देही अगदीच दुबळे नाहीत. ग्रीक इतिहासकारांना अपरिचित असलेला बाबेलचा बेलशस्सर ग्रंथकाराला माहीत आहे, आणि त्याचे नाव एकोणिसाव्या शतकात कीलाक्षर लेखांत सापडले; शिवाय मृत समुद्राजवळील कुमरान येथे या ग्रंथाची आठ हस्तलिखिते मिळाली असून त्यांतील सर्वांत जुने इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरचे दिसते, व इतक्या थोड्या अवधीत नव्या ग्रंथाला मान मिळावा हे त्यांना असंभाव्य वाटते. तथापि त्याच कीलाक्षर लेखांत बेलशस्सर हा ग्रंथात म्हटल्याप्रमाणे नबुखद्नेस्सराचा नव्हे, तर नबोनिदसाचा पुत्र आहे आणि राजपद त्याला मिळालेले दिसत नाही. ग्रंथात बेलशस्सरानंतर राज्यावर येणारा ‘मेदी दारयावेश’ तर कोणत्याच इतिहासात सापडत नाही. एकूण पाहता मक्काबी काळाचे मत अधिक ग्राह्य वाटते.

हा काळ मान्य केला की बाराव्या अध्यायातील वचनाचा संदर्भ उलगडतो. अंतियोकसाच्या छळात नियमशास्त्र पाळणारेच मारले गेले व ते सोडणारे तगले, त्यामुळे आज्ञापालनाचे फळ याच जन्मी मिळते ही जुनी धारणा टिकेना. भाकितात सर्वांच्या नव्हे, ‘पुष्कळांच्या’ उठण्याची भाषा आहे, ती बहुधा याच कारणाने : ज्यांचा हिशेब अपुरा राहिला, त्यांच्यासाठी हे उठणे आहे. मक्काबी 2 या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सात भाऊ व त्यांची आई यांच्या हौतात्म्याची कथा आहे. त्यांतील एक भाऊ आपले हात पुढे करून, हे देवाने दिले व त्याच्याकडूनच परत मिळतील, असे म्हणतो. मात्र मृतांच्या न्यायाचा विचार दानीएलापूर्वीच सुरू झाला होता, हे हनोखाचा पहिला ग्रंथ या प्राचीन यहुदी ग्रंथावरून दिसते. त्याच्या बाविसाव्या अध्यायात मृतांसाठी वेगवेगळ्या पोकळ्या वर्णिल्या आहेत, आणि तो भाग इ. स. पू. तिसऱ्या शतकाइतका जुना मानला जातो.

ही कल्पना इराणातून आली काय, हा दुसरा वाद. जरथुश्त्री धर्मात जगाचे अखेरचे नवीकरण (फ्रशोकेरेति), तारणारा सोश्यंत आणि मृतांचे उठणे या तिन्ही गोष्टी आहेत, व यहुदी सुमारे दोन शतके इराणी साम्राज्याचे प्रजाजन होते. अडचण अशी की या मताची सविस्तर मांडणी करणारा बुंदहिश्न हा पहलवी ग्रंथ आजच्या रूपात इ. स. नवव्या शतकाच्या आसपासचा आहे. थिओपाँपस या इ. स. पू. चौथ्या शतकातील ग्रीक लेखकाने मगांच्या, म्हणजे इराणी पुरोहितांच्या, अशा समजुतीची नोंद केली होती, हे नंतरच्या अवतरणांवरून कळते. त्यामुळे कल्पना जुनी असण्याला आधार आहे. तरीही इब्री ग्रंथांतील आशा ज्या क्रमाने, म्हणजे राष्ट्र, मग हुतात्मे, मग सर्व मृत अशी वाढत गेली, तो क्रम अंतर्गत विकासाकडे बोट दाखवतो. इराणी विचाराने त्याला पोषक हवा पुरवली असावी. बीज तेथून आणले असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे.

येशूच्या काळी यहुद्यांमधील परूशी पंथ पुनरुत्थान मानत असे व सदूकी पंथ नाकारत असे (मार्क 12:18; प्रेषितांची कृत्ये 23:8). पुढे इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात पुनरुत्थान नाकारणाऱ्यास येणाऱ्या जगात वाटा नाही, असे सांगितले आहे. ख्रिस्ती विश्वासात या आशेचे केंद्र बदलले : जे शेवटी घडायचे ते एका व्यक्तीच्या बाबतीत, इतिहासाच्या मध्येच घडले, अशी घोषणा झाली. पौलाचे थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र (सुमारे इ. स. 50) प्रभूच्या येण्याआधी मेलेल्यांचे काय, या तेथील मंडळीच्या (ख्रिस्ती समुदायाच्या) व्यावहारिक चिंतेला उत्तर देते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हटले आहे, आणि पेरलेल्या दाण्याच्या दाखल्याने उठणारा देह तोच असूनही बदललेला असेल, असे मांडले आहे. मार्काच्या तेराव्या अध्यायातील भाषण इ. स. 70 मधील मंदिराच्या नाशाशी निगडित आहे. ते त्या घटनेच्या किंचित आधीचे की नंतरचे, याविषयी एकमत नाही. त्या दिवसाविषयी किंवा घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही, पुत्रालासुद्धा ठाऊक नाही, हे त्यातील बत्तिसावे वचन पुढील सर्व कालगणनांना अडसर ठरावयास हवे होते.

प्रकटीकरणाचा ग्रंथ आयरेनियस या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाच्या साक्षीनुसार सम्राट दोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इ. स. 95 च्या सुमारास लिहिला गेला. काही अभ्यासक तो त्याआधीच्या सम्राट नीरोनंतर लगेचचा मानतात, पण पहिले मत अधिक रूढ आहे. त्याच्या विसाव्या अध्यायातील हजार वर्षांच्या राज्यावरून तीन परंपरा निर्माण झाल्या. आरंभीचे ख्रिस्ती लेखक जस्टिन व आयरेनियस यांनी ख्रिस्त आधी येईल व मग पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील असे मानले. जस्टिनने मात्र सर्व सद्भक्तांचे असे मत नाही, हेही नोंदवले आहे. ऑगस्टीनने हजार वर्षे म्हणजे मंडळीचा चालू काळ असा अर्थ लावला आणि पाश्चात्त्य मंडळीत तोच टिकला. तिसऱ्या मतानुसार सुवार्तेच्या प्रसाराने जग हळूहळू सुधारेल आणि ख्रिस्त त्यानंतर येईल.

दिवस म्हणजे वर्षे असे धरून दानीएलातील आकडे मोजण्याची प्रथा जुनी असली, तरी तिला खरा बहर एकोणिसाव्या शतकात आला. अमेरिकेतील विल्यम मिलर याने आठव्या अध्यायातील 2300 दिवस इ. स. पू. 457 पासून मोजून ख्रिस्ताचे येणे 1843-44 च्या सुमारास ठरवले. त्याच्या अनुयायांनी निश्चित केलेला 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस तसाच गेला. त्याच चळवळीतून सातव्या दिवसाचे ॲडव्हेंटिस्ट हा पंथ निघाला. जॉन नेल्सन डार्बी (1800–1882) याने इतिहासाचे युगविभाग पाडून, शेवटच्या महासंकटापूर्वी विश्वासणारे स्वर्गात वर घेतले जातील, असे मत प्रचलित केले. दानीएलाच्या बाराव्या अध्यायातच 1290 व लगेच पुढे 1335 दिवस असे दोन आकडे आहेत. पहिली मुदत टळल्यावर दुसरी घातली गेली असावी, असा काहींचा तर्क आहे. तो खरा असेल, तर मुदतवाढीची परंपरा ग्रंथातूनच सुरू होते.

मराठी प्रदेशात ही शिकवण प्रॉटेस्टंट बाजूने मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनमार्फत पोहोचली. या मिशनचे काम मुंबईत 1813 मध्ये व अहमदनगरात 1831 मध्ये सुरू झाले. सोलापूर हे ठाणे 1860 च्या दशकात, रेल्वे तेथे पोहोचल्यानंतरच्या काळात उभे राहिले. या मिशनमागील अमेरिकन मंडळाची आरंभीची वृत्ती वर सांगितलेल्या तिसऱ्या मताची, म्हणजे जग सुवार्तेने बदलत जाईल अशी होती. शाळा, दवाखाने व दुष्काळकार्य यांवर मिशनने दिलेला भर या वृत्तीशी जुळतो. सोलापूर जिल्ह्याने 1876-77 चा दुष्काळ व शतकाच्या अखेरीस प्लेग सोसला. पण अशा संकटांवरून शेवटाची तारीख काढण्याकडे या परंपरेचा कल नव्हता. याच मिशनच्या मंडळ्या पुढे संयुक्त मंडळीत व 1970 मध्ये उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सामील झाल्या. द्वितीयागमन जवळ आले आहे हा आग्रह नंतर पवित्र आत्म्याच्या संजीवनाच्या प्रवाहाबरोबर आला. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली झालेले संजीवन हे त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. सोलापुरात मराठीप्रमाणेच तेलुगू व कन्नड भाषिकांचीही मोठी वस्ती असल्याने ही शिकवण तेथे एकाहून अधिक भाषांतून ऐकू येते.

मराठी ख्रिस्ती समाजात ही आशा प्रवचनापेक्षा अंत्यविधीत अधिक ठळक दिसते. मृताला ‘ख्रिस्तवासी’ म्हणतात. दफनाच्या वेळी योहानाच्या अकराव्या अध्यायातील ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे वचन आणि करिंथकरांच्या पत्रातील पंधरावा अध्याय वाचतात. ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जमून उपासना करण्याचा आणि त्याआधी कबरी झाडून, रंगवून फुले वाहण्याचा प्रघात अनेक मंडळ्यांत आहे. सोलापुरात केवळ दफनावरून या श्रद्धेचा अंदाज बांधता येत नाही. मुसलमान दफन करतात व कयामतीच्या दिवशी उठण्यावर, तसेच ईसाच्या (येशूच्या) पुनरागमनावर विश्वास ठेवतात, म्हणजे या बाबतीत ते ख्रिस्ती मताच्या जवळ येतात. लिंगायतही बसलेल्या स्थितीत दफन करतात, पण त्यामागील भाव लिंगाशी ऐक्याचा असतो, पुन्हा उठण्याचा नव्हे. तलावातील मंदिराच्या आवारात असलेल्या बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या समाधीकडे गावाने याच दृष्टीने पाहिले आहे.

ख्रिस्ती पंथांतील फरक मृतांसाठी करावयाच्या प्रार्थनेत उघड होतो. कॅथलिक 2 नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस पाळून त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतात. त्याचा एक आधार मक्काबी 2 मधील बाराव्या अध्यायात आहे : युद्धात पडलेल्यांच्या पापासाठी यहूदा बलिदान पाठवतो आणि ते पुन्हा उठणार नसते तर अशी प्रार्थना व्यर्थ ठरली असती, असा शेरा ग्रंथकार जोडतो. प्रॉटेस्टंट हा ग्रंथ प्रमाण मानत नाहीत. त्यांच्या विधीत प्रार्थना मृतासाठी नसून शोक करणाऱ्यांसाठी असते. दहनाला कॅथलिक मंडळीने 1963 पासून, पुनरुत्थानावरील अविश्वासातून ते केलेले नसेल तर, मुभा दिली आहे.