पोर कुठे आहे, हे घराला ठाऊक असणे

अमेरिकेतील मूलनिवासी तरुणांच्या व्यसनाचा विषय निघाला की ‘ते त्यांच्या रक्तातच आहे’ असे सर्रास म्हटले जाते. या अन्यायकारक समजुतीला माझ्या मते सर्वांत ठोस उत्तर मिळाले ते नॉर्थ कॅरोलिनातील स्मोकी पर्वतांच्या परिसरात. ड्यूक विद्यापीठाच्या जेन कॉस्टेलो यांनी १९९३ साली तेथील ९, ११ आणि १३ वर्षांची १,४२० मुले अभ्यासासाठी निवडली. त्यांपैकी सुमारे ३५० मुले मूलनिवासी होती. दरवर्षी मुलाशी आणि पालकाशी वेगवेगळे बोलून मारामारी, चोरी, खोटे बोलणे, उद्धटपणा यांबरोबरच चिंता आणि नैराश्य यांचीही नोंद घेतली जात असे.

अभ्यास चालू असतानाच तेथील मूलनिवासी चेरोकी जमातीने कॅसिनो उभारला आणि १९९६ पासून नफ्याचा वाटा प्रत्येक सदस्याला मिळू लागला. मुलांचा वाटा ती मोठी होईपर्यंत राखून ठेवला जाई. मोठ्यांना मात्र तो दर सहा महिन्यांनी हातात मिळे, आणि त्यासाठी हुशारी, कष्ट किंवा सद्वर्तन अशी कोणतीही अट नव्हती. संशोधकांच्या दृष्टीने हीच मोलाची गोष्ट होती. एरवी गरिबीमुळे मूल बिघडते की घरातल्या अडचणींमुळेच गरिबी येते, हा गुंता सुटत नाही. येथे पैसा बाहेरून आला होता.

सुमारे १४ टक्के मूलनिवासी कुटुंबे दारिद्र्यरेषेच्या वर आली. चार वर्षांत त्यांच्या मुलांमधील वर्तनदोष कधीच गरीब नसलेल्या मुलांइतके कमी झाले. गरिबीतून बाहेर पडलेल्या बिगर-मूलनिवासी घरांतही तेच दिसले, म्हणजे वंशाचा प्रश्नच उरला नाही. चिंता आणि नैराश्य मात्र जवळपास होते तसेच राहिले. पैशाने सगळेच दुखणे बरे होत नाही, हेही येथेच नोंदवायला हवे.

हा बदल घडला कसा? परिणामाचा सुमारे ७७ टक्के भाग पालकांच्या देखरेखीने स्पष्ट होत होता. पोटासाठी दोन-दोन पाळ्या करून आई-बाप थकून येतात, त्या घरात शाळा सुटल्यावर मूल कोणाबरोबर गेले आणि रात्री किती वाजता परतले, हे विचारायला कोणी जागे नसते. उत्पन्नाला थोडा आधार मिळाला की ‘कुठे होतास?’ हा साधा प्रश्न विचारण्याइतकी उसंत मिळते.

हीच मुले पुढे वयात आल्यावर, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दारू आणि गांजाचे व्यसन सर्वांत धाकट्या गटात कमी आढळले. पैसे सुरू झाले तेव्हा या गटातील मुले १२ वर्षांची होती आणि आणखी सहा वर्षे आई-वडिलांच्या नजरेखाली वाढणार होती. थोरला गट तेव्हा १६ वर्षांचा होता; त्याच्या वाट्याला घरातली जेमतेम दोन वर्षे आली.