सोपे भूमिकाखेळ

टेबलाभोवती बसून, बोलता बोलता गोष्ट रचत खेळायच्या टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचा म्हणजेच भूमिकाखेळाचा हा आटोपशीर प्रकार. नियम एकदोन पानांत मावतात, पात्र दहा मिनिटांत तयार होते आणि गोष्ट दोनतीन तासांच्या एकाच बैठकीत संपते. अधूनमधून जमणाऱ्या हौशी भिडूंना तो सोयीचा पडतो. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग मांडतो आणि वाटेत भेटणाऱ्या इतर सगळ्यांच्या तोंडून बोलतो. बाकीचे भिडू एकेक पात्र घेऊन ‘मी काय करतो’ ते सांगतात. सूत्रधार धरून चार-पाच जण असले की डाव रंगतो. सहाच्या वर गेले की आपली पाळी येईपर्यंत भिडू कंटाळतात.

छापील भूमिकाखेळांची सुरुवात १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने झाली. त्याला चार ते वीस बाजूंचे नाना तऱ्हेचे फासे लागतात. सोपेपणाची ओढही तेवढीच जुनी आहे. १९७५ मध्ये केन सेंट आंद्रे यांनी ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ केवळ साध्या सहा बाजूंच्या फाशांवर बेतला. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या ‘फियास्को’त (२००९) सूत्रधारच नाही. माणशी चार फासे घेऊन तीन ते पाच जण सगळी गोष्ट आपापसांत चालवतात.

एका पानाच्या खेळाचा उत्तम नमुना म्हणजे जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ (२०१३). भिडू अंतराळयानावरचे कर्मचारी असतात आणि प्रत्येकाने २ ते ५ मधला एकच आकडा निवडायचा असतो. यंत्र, तर्क, नेमबाजी अशा कामाला फाशावर त्याहून कमी दान पडावे लागते. माणसे वळवणे, भावना ओळखणे अशा कामाला त्याहून जास्त. नेमका तोच आकडा पडला तर काम होतेच, शिवाय सूत्रधाराला एक प्रश्न विचारता येतो आणि त्याने खरे उत्तर द्यायचे असते. समजा, आकडा ४ घेतला. यंत्राच्या कामात १ ते ४ ही सहापैकी चार दाने जमेची, माणसांच्या कामात ४, ५, ६ ही तीन. एकीकडे सरस व्हायचे तर दुसरीकडे उणे राहावे लागते, आणि पात्राचा सगळा स्वभाव त्या एका आकड्यात उतरतो. पूर्वतयारी असेल तर एक फासा वाढतो, त्या कामातला जाणकार असेल तर आणखी एक. जितक्या फाशांवर यश, तितके काम चोख.

नियम थोडे असले की सूत्रधाराची जबाबदारी वाढते. पहिला प्रश्न फासा कधी टाकायचा हा. नवखा सूत्रधार प्रत्येक पावलाला फासा मागतो आणि तिथेच डाव बिघडतो. एका फाशावर सहापैकी चार दाने जमेची असली, तरी पहारेकऱ्याला चुकवून जाताना अंगणात, जिन्यावर आणि दारापाशी असा तीनदा फासा टाकायला लावला, तर तिन्ही वेळा निभावण्याची शक्यता २७ त ८, म्हणजे जेमतेम ३० टक्के उरते. चौघांना एकेकदा टाकायला लावले तर ती २० टक्क्यांच्या आत येते. पहारेकरी जागा होणार हे तेव्हाच ठरून जाते आणि भिडूंना वाटते, आपले नशीबच खोटे. म्हणून एका अडचणीला एकदाच फासा टाकावा, तोही यश आणि अपयश या दोन्हींतून काही वेगळे घडणार असेल तरच. कुलूप उघडायला हवा तितका वेळ असेल आणि धोका नसेल, तर ते उघडले असे सांगून पुढे जावे.

दुसरी चूक अपयशाची. गोष्टीचा धागा तळघरातल्या वहीत आहे, दाराला कुलूप आहे आणि दान पडले नाही. ‘दार उघडत नाही’ म्हटले की सगळे एकमेकांची तोंडे बघत बसतात. त्यापेक्षा दार उघडू द्यावे, पण त्याची किंमत लावावी: किल्ली आत मोडली, आता दार परत लावता येणार नाही आणि जिन्यावर कंदिलाचा उजेड हलतो आहे. पुढच्या क्षणी काय करायचे हे भिडूंना विचारावेही लागत नाही.

तयारीला अर्धे पान पुरते. कोणाला काय हवे आहे, त्याच्या आड कोण येतो आणि भिडूंनी काहीच केले नाही तर काय होईल, एवढे लिहावे. घटनांची लांबलचक साखळी रचू नये, कारण भिडू दुसऱ्याच प्रसंगात ती मोडतात. पात्राच्या कागदावर नाव, काम, एक हातखंडा, एक उणीव आणि शेजारच्या भिडूच्या पात्राशी असलेले नाते लिहावे. नाते राहून गेले तर चौघे चार दिशांना जातात आणि सूत्रधाराला चार वेगळ्या गोष्टी चालवाव्या लागतात.

कोणते विषय नकोत ते डाव मांडतानाच विचारून घ्यावे. टेबलाच्या मध्यभागी ‘एक्स’ लिहिलेले कार्ड ठेवण्याची पद्धत चांगली रुळली आहे. कोणीही त्याला बोट लावले की तो भाग कारण न विचारता वगळतात. नियम वाचून दाखवण्यात पाच मिनिटांहून जास्त घालवू नयेत. पहिला फासा पडला की ते आपोआप उमगतात. तीन तासांचा डाव असेल तर शेवटचा अर्धा तास राहिल्यावर नवे पात्र किंवा नवे ठिकाण आणू नये, नाहीतर गोष्ट अर्धवट राहते.