यूकेत दोन इंजिनांची मोटरबोट शिकायचीय? कोर्स, पात्रता आणि कागदपत्रं

सगळे आधी विचारतात लायसन्स कुठे काढायचं, तर यूकेच्या समुद्रात स्वतःच्या मौजेसाठी छोटी खाजगी बोट चालवायला लायसन्स सक्तीचं नाहीये. पण म्हणून न शिकता चावी हातात घेऊ नका. खुल्या पाण्यात सरळ जाणं कुणालाही जमतं, खरी कसोटी लागते ती मरीनात म्हणजे बोटी उभ्या करायच्या छोट्या बंदरात, शेजारी दुसऱ्याची महागडी बोट उभी असते आणि वारा आडवा येतो तेव्हा.

कोर्स आरवायए म्हणजे रॉयल यॉटिंग असोसिएशन या ब्रिटनमधल्या बोटिंगच्या संस्थेचे. पॉवरबोट लेव्हल 2 हा दोन दिवसांचा, वय किमान 12, आधीचा अनुभव लागत नाही, पण तो बहुतेक ठिकाणी एका इंजिनाच्या छोट्या उघड्या बोटीवर होतो. तुम्हाला केबिनवाली, दोन इंजिनांची बोट हाताळायची असेल तर मोटर क्रूझिंगमधला हेल्म्समन कोर्स बघा, तोही दोनच दिवसांचा. पैसे भरायच्या आधी सेंटरला फोन करून स्पष्ट विचारा की बोट दोन इंजिनांची आहे ना आणि एका बोटीवर शिकणारे किती, कारण धक्क्याला बोट लावायची पाळी जितक्या वेळा येईल तितकं हातात बसतं. पुढे डे स्किपर प्रॅक्टिकल आहे, चार दिवसांचं, त्याआधी थिअरी केलेली बरी.

शिकवतात काय? स्टिअरिंग सरळ ठेवायचं आणि एक इंजिन पुढे, एक मागे टाकायचं की बोट जवळजवळ जागच्या जागी वळते. समजा डावी बाजू धक्क्याला लावायचीय, तर हळू तिरकं यायचं, नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक जवळ आलं की दोन्ही इंजिनं न्यूट्रल, मग उजवं म्हणजे धक्क्यापासून लांबचं इंजिन क्षणभर रिव्हर्स, बोट थांबतेही आणि मागचा भाग आपोआप आत येतो. पहिल्यांदा हे जमलं की काय भारी वाटतं! फेंडर म्हणजे बोट घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या फुगीर गाद्या आणि दोर मात्र आधीच तयार पाहिजेत, धक्का आल्यावर शोधाशोध नको.

आता कागदपत्रं. कोर्सला नाव, जन्मतारीख आणि तब्येतीची माहिती देतात, दमा, फिट्स, औषधं काही असेल तर लपवू नका. क्रोएशियासारख्या ठिकाणी बोट भाड्याने घ्यायची तर सर्टिफिकेट मागतात, तिथे आयसीसी म्हणजे इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्स कामी येतं. वय 16 पूर्ण हवं, ब्रिटिश नागरिक किंवा यूकेचे रहिवासी असाल तर आरवायएकडे अर्ज करता येतो, म्हणजे भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्यांनाही. फोटो, नागरिकत्वाचा किंवा रहिवासाचा पुरावा आणि कोर्सच्या सर्टिफिकेटची कॉपी लागते. पॉवरबोट लेव्हल 2 समुद्रकिनाऱ्याच्या पाण्यात केलं असेल तर 10 मीटरपर्यंतच्या मोटरबोटीसाठी आयसीसी मिळतं, त्याहून मोठी, 24 मीटरपर्यंतची हवी असेल तर शिकतानाच मोठी बोट निवडा. युरोपातल्या नद्या-कालव्यांसाठी सेवनी नावाची वेगळी टेस्ट आहे.

आयसीसीची मुदत 5 वर्षं. आणि क्रोएशियात व्हीएचएफ म्हणजे बोटीवरून बोलायच्या रेडिओचं सर्टिफिकेटही मागतात, त्याची परीक्षा वेगळी असते, तेव्हा सुट्टीचं बुकिंग करायच्या आधीच ते उरकून घ्या.