जबड्यावरची न बसणारी गाठ : तपासणीसाठी नमुना देण्यापूर्वी

जबड्याच्या कडेला आलेली कडक गाठ महिनोन्‌महिने बसत नसेल, फारशी दुखतही नसेल, पण मधूनमधून फुटून तिच्यातून पू येत असेल, तर घरच्यांच्या मनात प्रथम कर्करोग किंवा क्षयाची शंका येते. ती रास्तच आहे. आपल्याकडे खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) किती खाल्ला जातो हे पाहता कर्करोगाची तपासणी टाळूच नये. मात्र अशा गाठीमागे ॲक्टिनोमायसिस नावाचा जंतूही असू शकतो, आणि तो सापडणे बऱ्याच अंशी नमुना कसा घेतला यावर ठरते.

हा जंतू निरोगी माणसाच्या तोंडातही, दातांवरच्या किटणात आणि हिरड्यांच्या खाचांत, निरुपद्रवीपणे राहतो. दात किडला, काढला किंवा जबड्याला मार लागला की तो आतल्या मांसात उतरतो आणि हवा कमी असलेल्या जागी सावकाश वाढतो. गवताची काडी चघळल्याने हा रोग होतो असे पूर्वी वैद्यकातही मानले जाई. प्रत्यक्षात जंतू बहुधा रुग्णाच्या स्वतःच्याच तोंडातला असतो. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे रुग्णाचे ताट-पेला वेगळा करण्याचे कारण नाही. वावरातल्या मातीत मात्र याचे भाऊबंद राहतात. त्यांपैकी काही अनवाणी पायात काटा रुतल्यावर आत शिरून पाय सुजवतात व त्याला छिद्रे पाडतात. तो मदुरा पाय हा वेगळा आजार असून त्याची औषधेही वेगळी आहेत.

पुवात कधीकधी खसखशीएवढे पिवळसर कण दिसतात. त्यांना गंधककण म्हणतात, पण त्यांत गंधक नसते, जंतूंचेच पुंजके असतात. असा कण काचपट्टीवर चिरडून रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या, फाटे फुटलेल्या तंतूंचे जाळे दिसते. म्हणून जखमेवरची पट्टी फेकू नये; कण चिकटलेले असल्यास ती स्वच्छ डबीत घालून आणावी. कापसाच्या बोळ्यावर पुसून आणलेल्या पुवाचा फारसा उपयोग होत नाही, कारण हवा लागली की हा जंतू मरू लागतो. डॉक्टरांनी सुईने ओढलेला पू त्याच सिरिंजमध्ये, हवा काढून व तोंड बंद करून, फ्रीजमध्ये न ठेवता लगेच आमच्या प्रयोगशाळेत पोहोचवावा. गाठीचा तुकडा काढला असेल तर त्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या रसायनात) आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये द्यावा, कारण फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यातून कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) होत नाही. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्येच येतो, ही आमची नेहमीची अडचण आहे.

शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वीच नमुना द्यावा. औषध सुरू असल्यास त्याची चिठ्ठी सोबत आणावी, पण नमुन्यासाठी ते स्वतःहून बंद करू नये. निदान झाल्यास पेनिसिलिन गटातील औषध उपयोगी पडते, परंतु ते बहुधा काही महिने, कधी वर्षभरही, घ्यावे लागते. गाठ ओसरली म्हणून मध्येच सोडल्यास आजार उलटू शकतो.

कल्चरला दोन आठवडे, प्रसंगी त्याहून अधिक लागतात, तेव्हा आठवडाभराने आमच्याकडून मिळालेला ‘अजून वाढ नाही’ हा निरोप अंतिम अहवाल समजू नये.